दुसरी एसएसडी: रिकाम्या एम.२ स्लॉटमध्ये की साटा केबलवर?

सी_ड्राइव्ह_फुल्ल:
घरच्या डेस्कटॉपमध्ये २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी, वेगवान प्रकारची) आहे. विंडोज आणि मुलीचे व्हिडिओ एडिटिंगचे प्रोजेक्ट यांतच ती भरून गेली, सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल. जुनी १ टीबीची हार्डडिस्कही जोडलेली आहे, पण तिच्यावरून क्लिप उघडली की टाइमलाइन अडखळते. मदरबोर्डवर आणखी एक एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच, रिकामा दिसतो. त्यात १ टीबीची एनव्हीएमई टाकू की हार्डडिस्कसारखी केबलने जोडायची अडीच इंची साटा एसएसडी घेऊ? आणि आधीची काढावी लागेल का?

खटपट्या:
एनव्हीएमईच घ्या, विचार करू नका. साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकते, एनव्हीएमई ३५००च्या घरात जाते.

कट_टू_कट:
विचार जरूर करा, आणि आधी बोर्डाचं मॅन्युअल उघडा. मी घरूनच एडिटिंग करते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. एम.२ हा फक्त आकार झाला. काही स्लॉट फक्त साटा घेतात, काही फक्त पीसीआयई (एनव्हीएमई ज्या वेगवान मार्गावर चालते तो), काही दोन्ही. शिवाय दुसऱ्या स्लॉटला बरेचदा लेन, म्हणजे डेटा वाहणाऱ्या मार्गिका, कमी मिळतात किंवा त्या दुसऱ्या कशाशी तरी वाटून घ्याव्या लागतात. माझ्या बोर्डावर दुसरा स्लॉट वापरला की साटाचे ५ आणि ६ नंबरचे पोर्ट बंद होतात. मॅन्युअलमध्ये ही गोष्ट तक्त्याखाली बारीक अक्षरात असते, तेवढी ओळ शोधाच.

आधीची काढू नका. तिच्यावर विंडोज राहू द्या. नवीवर प्रोजेक्ट, क्लिपा आणि एडिटिंग सॉफ्टवेअरची कॅशे, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या फाइली, हलवा. सी ड्राइव्ह खरी खाते ती ही कॅशेच.

वेगाबद्दल थोडं. क्लिपा पुढेमागे सरकवताना साटा आणि एनव्हीएमई यांत फार फरक जाणवत नाही, दोन्ही हार्डडिस्कपेक्षा कितीतरी पुढे आहेत. फरक दिसतो तो मोठ्या फाइली हलवताना. तिथेच क्यूएलसीचा (एसएसडीतल्या मेमरीचा एक प्रकार) प्रश्न येतो. एका सेलमध्ये चार बिट साठवायचे म्हणजे विद्युतभाराच्या सोळा पातळ्या अचूक ओळखायच्या, तीन बिटांच्या टीएलसीमध्ये आठच. म्हणून क्यूएलसी ड्राइव्ह आधी वेगवान एसएलसी कॅशेमध्ये (सेलमागे एकच बिट ठेवणाऱ्या तात्पुरत्या जागेत) लिहिते, आणि ती भरली की वेग धाडकन कोसळतो, काही ड्राइव्हवर तर हार्डडिस्कच्याही खाली. तास-दीड तासाचं फुटेज एका दमात उतरवणाऱ्याने टीएलसीच घ्यावी, यावर मी ठाम आहे. खोक्यावरचा वेगाचा मोठा आकडा या बाबतीत काहीच सांगत नाही.

सी_ड्राइव्ह_फुल्ल:
मॅन्युअल पाहिलं. दुसरा स्लॉट पीसीआयई ३.०, चार लेन, फक्त एनव्हीएमई. आणि हो, साटा ५-६ बंद होतात. हार्डडिस्क नेमकी ५ वर आहे! दोन्ही एसएसडी जोडून एकच मोठा ड्राइव्ह करता येतो असंही वाचलं.

कट_टू_कट:
हार्डडिस्कची केबल १ ते ४ पैकी रिकाम्या पोर्टवर लावा, डेटा जसाच्या तसा दिसेल. पीसीआयई ४.० ची ड्राइव्ह मिळाली तरी चालेल, ३.० च्या वेगाने धावेल.

एकत्र जोडणं मात्र नको. एक ड्राइव्ह गेली की दोन्हींवरचं सगळं गेलं. मुलीचं काम आहे, वेगळंच ठेवा. हार्डडिस्कही टाकून देऊ नका, प्रोजेक्टची दुसरी प्रत तिच्यावर ठेवा. एसएसडी जाते तेव्हा बरेचदा आधी काही कळतही नाही.

खटपट्या:
बरोबर, लेन वाटण्याचा मुद्दा मी धरलाच नव्हता. बसवल्यावर ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्ह दिसणार नाही, घाबरू नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइझ करा, विभागणीची पद्धत म्हणून जीपीटी निवडा, मग फॉरमॅट. ९३१ जीबी दिसतील, ते ठीक आहे; कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

कट_टू_कट:
आणि स्क्रू आधी शोधून ठेवा. तो ड्राइव्हसोबत नसतो बहुतेकदा, बोर्डाच्या खोक्यातल्या छोट्या पिशवीत असतो. स्टँडऑफ (स्क्रू ज्यात बसतो तो खुंट) २२८० च्या, म्हणजे ८० मिमी लांब ड्राइव्हच्या, भोकावर आहे ना, तेही बघा.