मिनेसोटा: वळचणीला बर्फाचा बांध, छप्पर आत्ताच बदलावं का?

कौलारू: मिनिआपोलिसजवळचं घर, छपरावरची डांबरी शिंगल (एकावर एक बसवलेले चपटे तुकडे) २० वर्षं जुनी. पन्हळीवर बर्फाचा बांध धरलाय, बाहेरच्या भिंतीलगत सिलिंगला ओल आलीये. जानेवारीतच छप्पर बदलून घ्यावं का?

ओळंबा: थांबा. ४० फॅरनहाइटखाली शिंगलची चिकटपट्टी आपोआप धरत नाही आणि गारठलेली शिंगल वाकवली की तडकते. अगदीच नड असेल तर प्रत्येकीखाली रूफिंग सिमेंटचे नाण्याएवढे ठिपके हाताने द्यावे लागतात. सध्या जमिनीवर उभं राहूनच रूफ रेकने (लांब दांड्याच्या छपराच्या खोऱ्याने) कडेचा ३-४ फूट बर्फ ओढा. जुन्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून बांधावर उभा ठेवा, आडवा नाही; पाण्याला वाट होते. साधं मीठ नको, पन्हळ गंजते. कुऱ्हाड तर नकोच नको!

रंधा: दोष छपराचा कमी, माळ्याचा जास्त. घरातली ऊब दिव्यांच्या भोकांतून, बाथरूमच्या पंख्याच्या कडेने वर जाते. बर्फ वितळतो, थंड वळचणीशी येऊन पुन्हा गोठतो. आधी फोमने फटी बुजवा, मग माळ्यावर सेल्युलोज (कागदापासूनचं उष्णतारोधक भरण), निदान आर-४९ (उष्णता अडवण्याचं माप), म्हणजे साधारण १४ इंच. पण वळचणीकडे बॅफल (हवेची वाट मोकळी ठेवणारी पट्टी) लावल्याशिवाय ते यंत्राने फुंकू नका. सॉफिटमधून (वळचणीच्या खालच्या बाजूने) येणारी हवा कोंडते.

कौलारू: आणि नवीन छपरात?

ओळंबा: आइस अँड वॉटर शील्ड (शिंगलखालचा चिकट जलरोधक थर) बाहेरच्या भिंतीच्या रेषेपासून आत २४ इंच गेलंच पाहिजे. वळचण १८ इंच असली तर ३६ इंची एक पट्टी पुरत नाही, दोन लागतात. कोटेशनमध्ये पट्ट्यांचा आकडा लिहून घ्या.