निओव्हिम प्लगइनच्या चाचण्यांमध्ये टायमर कसा हाताळावा?

नमस्कार.

रोमन अक्षरे टाइप करताच त्यांचे देवनागरीत रूपांतर करणारे एक प्लगइन (जोड-प्रोग्राम) मी निओव्हिम या मजकूर-संपादकासाठी लुआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहीत आहे. मराठी मजकूर लिहिताना संपादक सोडून दुसरीकडे जावे लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि म्हणूनच याच्या चाचण्या भक्कम असाव्यात असे वाटते.

सुरुवातीला ‘फीडकीज’ला (कळा दाबल्यासारख्या पाठवणारे फंक्शन) ‘एक्स’ हा पर्याय देऊन सर्व कळा एकदम पाठवल्या. परंतु रांगेत कळा शिल्लक असेपर्यंत ‘टेक्स्टचेंज्ड-आय’ ही मजकूर बदलल्याची सूचना देणारी घटना घडत नाही आणि रांग संपताच इन्सर्ट मोडही (टाइप करण्याची अवस्था) संपतो, त्यामुळे रूपांतराचे फंक्शन चालतच नव्हते. आता वेगळ्या प्रोसेसमध्ये विनाखिडकी निओव्हिम सुरू करून आरपीसीद्वारे (दुसऱ्या प्रोसेसमधील फंक्शन बोलावण्याची पद्धत) ‘एनव्हिम-इनपुट’ या फंक्शनने एकेक कळ पाठवतो. हा कॉल लगेच परततो, म्हणून प्रत्येक कळीनंतर ‘एनव्हिम-इव्हॅल’ला (दिलेली राशी मोजून उत्तर देणारे फंक्शन) एक क्षुल्लक विनंती करतो. आधीची कळ हाताळून झाल्यावरच तिचे उत्तर येते. निओव्हिमच्या स्वतःच्या चाचण्यांतही हीच युक्ती आहे.

खरी अडचण टायमरची आहे. ‘के’ दाबल्यावर पुढे ‘एच’ येते का, याची प्लगइन २०० मिलिसेकंद वाट पाहते. के, एच, ए या क्रमाने ‘ख’ मिळायला हवा आणि कर्सर बाइट-स्तंभ ३ वर असायला हवा (देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते). माझ्या लॅपटॉपवर तसे होते. पण सीआयच्या (चाचण्या आपोआप चालवणाऱ्या सेवेच्या) संथ यंत्रावर कधीकधी दोन कळांमध्येच मुदत संपते आणि ‘क्ह’ उमटून कर्सर ९ वर जातो. मुदत वाढवून हे टळेल, परंतु थांबून टाइप केल्यास ‘क्ह’ मिळणे हेही प्लगइनचे अपेक्षित वर्तन असल्यामुळे त्याची चाचणी तितकीच आवश्यक आहे आणि वाढीव मुदतीमुळे ती विनाकारण रेंगाळेल.

चाचणीपुरते ‘डिफर-एफएन’ या ठरावीक वेळाने काम चालवणाऱ्या फंक्शनच्या जागी स्वतःचे फंक्शन बसवून, कॉलबॅक (मुदत संपल्यावर चालायचे फंक्शन) साठवून हवा तेव्हा हाताने चालवावा, असा माझा विचार आहे. मात्र इन्सर्ट मोडमध्ये खरा टायमर ज्या क्षणी इव्हेंट लूपमधून (घटना एकामागून एक हाताळणारे निओव्हिमचे चक्र) येतो, ती परिस्थिती आरपीसीने चालवलेल्या कॉलबॅकमध्ये हुबेहूब राहील का, याविषयी मला शंका आहे. विशेषतः अनडूचे (बदल मागे घेण्याचे) टप्पे आणि कर्सरची जागा यांबाबत. ज्यांनी वेळेवर अवलंबून असलेल्या प्लगइनच्या चाचण्या लिहिल्या आहेत, त्यांनी नकली घड्याळ (वेळ हाताने पुढे नेणारी वरच्यासारखी युक्ती) वापरले की खऱ्या टायमरच्या मोजक्या चाचण्या वेगळ्या ठेवल्या, हे कृपया सविस्तर सांगावे.