आभाळातील मौन: लढाऊ विमाने पाठवणे रास्त आहे का?

धागाकर्ता: १६ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाचा जर्मनीवर असताना नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला. त्यात ३३० प्रवासी आणि १५ कर्मचारी होते. जर्मन हवाई दलाची लढाऊ विमाने तातडीने त्याच्यापाशी पोहोचली, आणि थोड्याच वेळात संपर्क पुन्हा जुळला. माझ्या मते जर्मनीने योग्य तेच केले.

प्रतिसाद १: असहमत. अनेकदा रेडिओ धडधाकट असतो. विमान एका नियंत्रण कक्षाकडून दुसऱ्याकडे सोपवताना सांगितलेली नवी फ्रिक्वेन्सी ऐकण्यात चूक होते, एवढेच. अशा वेळी वैमानिकाने आधीच्या फ्रिक्वेन्सीवर परतावे, तिथे उत्तर नसेल तर १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर बोलावे आणि तरीही काही जमले नाही तर ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या उपकरणावर, रेडिओ संपर्क तुटल्याचा ७६०० हा संकेतांक लावावा, अशी शिस्त ठरलेली असताना प्रवाशांच्या खिडकीबाहेर लढाऊ विमान कशासाठी?

धागाकर्ता: ही शिस्त सुरू होते ती संपर्क तुटल्याचे वैमानिकाच्या लक्षात आल्यावर. चुकीच्या फ्रिक्वेन्सीवरील शांतता त्याला नेहमीचीच वाटत असेल, तर ७६०० लावणार कोण? खालच्या नियंत्रकाला मात्र ती चूक आहे, अपहरण आहे की वैमानिक बेशुद्ध आहेत, हे कळायला मार्ग नसतो. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस कंपनीच्या विमानातील हवेचा दाब गेला होता. ग्रीसच्या एफ-१६ लढाऊ विमानांनी जवळ जाऊन पाहिले, तेव्हा कॅप्टनचे आसन रिकामे होते आणि सहवैमानिक पुढे कलंडलेला होता. हे जमिनीवरून कुणाला दिसले असते?

प्रतिसाद २: दिसले, पण १२१ जणांपैकी एकही वाचला नाही, हे विसरू नये. लढाऊ विमान पाहू शकते, पंख हलवून आपल्या मागोमाग येण्याची खूण करू शकते. त्यापलीकडे त्याच्या हातात फारसे काही नसते. म्हणून माझा आग्रह दुसरा रेडिओ संच सतत १२१.५ वर आणि ऐकू येईल इतक्या आवाजात ठेवण्याचा आहे. लांबच्या प्रवासात त्यावरची बडबड कंटाळवाणी होते आणि हात आवाज कमी करायला जातो, हे मला समजते. पण नियंत्रकाची हाक पोहोचण्याची तीच वाट आहे.

धागाकर्ता: या आग्रहाशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र त्या हाकेलाही उत्तर आले नाही, तर विमाने पाठवायलाच हवीत.