मोठ्या जातीचं पिल्लू घरी आणताना: तुमचे अनुभव लिहा

दोन आठवड्यांनी आमच्याकडे जर्मन शेफर्डची मादी येते आहे. आत्ता सहा आठवड्यांची आहे. आठ पूर्ण झाल्याशिवाय आईपासून तोडायची नाही, हे आम्हीच ठरवलं. केंद्राच्या २०१७ च्या नियमांतही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे, तरी "आत्ताच न्या, लळा लवकर लागतो" म्हणणारे दोघे भेटलेच.

घर पुण्यात, दुसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाई ७४ वर्षांच्या, मुलगा नऊचा. लहानपणी आमच्या वाड्यात मोती होता, पण तो अंगणात राहायचा आणि उरलेली पोळी खायचा. त्याच्यासाठी कुणी काही तयारी केल्याचं आठवत नाही. पट्टा, वाडगी, गादी यांच्या याद्या मिळाल्या आहेत. मला हवंय ते वेगळं: आधी काय केलंत म्हणून पुढे निभावलं, आणि काय राहून गेलं म्हणून भोगावं लागलं? मोकळेपणाने लिहा.

ठाणे, लॅब्रेडोर
ताई, सगळ्यात आधी फरशी बघा. आमच्याकडे हॉलभर चकचकीत टाइल्स. पिल्लू दारावरची बेल वाजली की धावायचं, नखांचा खरखर आवाज यायचा, मागचे पाय दोन्हीकडे फाकायचे आणि ते पोटावर घसरत सोफ्याला जाऊन थडकायचं. आम्ही हसायचो. सात-आठ महिन्यांचा झाल्यावर तो मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या मारत धावायला लागला. त्याचेही कौतुकाने व्हिडिओ काढले. ते दुखणं होतं. एक्स-रेमध्ये खुब्याची वाटी उथळ निघाली, हिप डिस्प्लेशिया. डॉक्टरांनी समजावलं की दोष रक्तातून येतो, पण घसरणं आणि वाढत्या वयात चढलेलं वजन तो वाढवतात. नऊ वर्षं त्याला जपलं. शेवटची दोन वर्षं पोटाखाली टॉवेल घालून उठवावं लागायचं.

दुसरी आणली तेव्हा ती यायच्या आधीच दारापासून गॅलरीपर्यंत रबरी पाठीच्या चटया अंथरल्या. पंजांमधले केस वाढले की कापतो, त्यानेही घसरण कमी होते. आणि तिच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागितले. ब्रीडरने दाखवायला खळखळ केली तर तिथून निघा. पिल्लू मांडीवर घेऊन बघायच्या आधी विचारा, नंतर आपल्याच्याने निघवत नाही.

कोल्हापूर, ग्रेट डेन
खाण्याबद्दल लिहितो. आमच्या डेनला कंपनीचं पिल्लांचं खाणं चालू होतं, त्यावर दूध, अंडी आणि कॅल्शियमचं सिरप दोन वेळा. हाडं मोठी तर कॅल्शियम जास्त लागणार, असा आमचा सरळ हिशेब. चौथ्या महिन्यात पुढचे पाय मनगटात वाकडे दिसू लागले. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी त्याच दिवशी सिरप बंद करायला लावलं. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, ते शोषलं जातं आणि वाढणाऱ्या हाडांचा तोल बिघडतो. मोठ्या जातींच्या पिल्लांचं वेगळं खाणं मिळतं, त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. ते देत असाल तर वरून काही नको. घरचं शिजवून देणार असाल तर प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

पिल्लू गुबगुबीत दिसायलाही नको. हात फिरवला की फासळ्या लागल्या पाहिजेत. आमच्याकडे पाहुणे "हडकुळा ठेवलाय" म्हणायचे, म्हणू दिलं.

अजून एक. डेन, शेफर्ड यांची छाती खोल. त्यांच्या पोटात हवा भरून जठराला पीळ बसू शकतो. पोट फुगलेलं, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे ते पिल्लू यायच्या आधी शोधून ठेवा.

नाशिक
मी तयारी सगळी केली होती, एक सोडून. पिल्लू नऊ आठवड्यांचं, एकच लस झालेली. दुसऱ्याच दिवशी त्याला कॉलनीच्या मैदानात गवतावर सोडलं. पाच-सहा दिवसांनी खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो. चार दिवस सलाईन लावून घेऊन बसलो होतो, गेलं. त्याचं नाव ठेवून आठवडाही झाला नव्हता.

हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि साधारण सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात. तोवर दुसरी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर पाय टेकवू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका, कारण याच दिवसांत बघितलेल्या गोष्टींना ती पुढे घाबरत नाहीत. कडेवर घेऊन रिक्षा, शाळा सुटताना, भाजीबाजार, सगळं दाखवा. पुढच्या पिल्लाला आम्ही असंच फिरवलं. ती आता सहा वर्षांची आहे.

मालाड
माझी आई ८१ वर्षांची. आमची गोल्डन दहा महिन्यांची असताना लाडाने अंगावर उडी मारली, आई पडली, मनगट मोडलं. चूक गोल्डनची नव्हती. ती आठ किलोची असताना आम्ही सगळ्यांनी तिला उड्या मारायला शिकवलं होतं, प्रत्येक उडीला "आली गं माझी बाई" म्हणत. सासूबाईंना आजच सांगून ठेवा: चार पाय जमिनीवर असतील तरच लाड. एकाने जरी मोडलं तरी शिकवण वाया जाते.

सोसायटीचंही आधी बघा. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, आकार बघून मनाई करता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तरी मी कागद नाचवत गेले नाही. पिल्लू आणल्यावर मजल्यावरच्या चारही घरी घेऊन गेले. ज्या काकूंना भीती वाटायची त्यांनी स्वतःहून हात लावला.

कोलोन, जर्मनी
इथे आमच्या राज्यात मोठा कुत्रा कोणता हे कायद्यातच लिहिलंय: पूर्ण वाढल्यावर ४० सेंटीमीटर उंची किंवा २० किलो वजन होणारा. आत्ता किती आहे ते विचारत नाहीत, किती होणार ते बघतात. नगरपालिकेला कळवायचं, मायक्रोचिप, विमा, आणि मालकाला कुत्र्याची समज आहे याचा दाखला. मी परीक्षेला बसलो तेव्हा वैताग आला होता. पण अभ्यास करतानाच कळलं की कुत्रा जांभई देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो तेव्हा तो "आता पुरे" म्हणत असतो. नऊ वर्षांच्या मुलाला हे आधी शिकवा. पिल्लू जेवताना आणि झोपलेलं असताना हात लावायचा नाही, हेही.

तासगाव, कारवानी
मोठं पिल्लू म्हटलं की सगळे परदेशी जातीच का बघतात? आमच्याकडे वडिलांपासून कारवानी आहेत. हीच मुधोळ हाउंड, या मुधोळच्या कुत्र्यावर तर २००५ मध्ये टपाल तिकीटही निघालं. ऊन सोसतात, खाणं बेताचं. फक्त दोन गोष्टी. डोकं मानेएवढंच अरुंद असतं, साधा पट्टा मागे सरकलं की निघून येतो, रुंद आणि ओढल्यावर आवळणारा पट्टा घ्या. आणि ससा दिसला की हाक ऐकू जात नाही, कुंपण नसेल तर मोकळं सोडू नका.

नागपूर
शेफर्ड उन्हाळ्यात येणार असेल तर फिरणं सकाळी सातच्या आत. रस्त्याला हाताची मागची बाजू टेकवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर घरी परत. पावसाळ्यात गोचीड, रोज कानामागे आणि बोटांत बघा.

सगळ्यांचे मनापासून आभार. ठाण्याच्या दादांचं वाचून हॉलचं माप घेतलं, चटया येताहेत. जिन्याचा प्रश्न मात्र होताच. हाडांची टोकं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर रोज दोन मजले चढ-उतार नको असं डॉक्टर म्हणाले. चार महिन्यांची होईपर्यंत ती पंधरा किलोच्या आसपास होईल. काल यांनी वाण्याकडून आणलेली गव्हाची पंधरा किलोची पिशवी दोन्ही हातांवर घेऊन, एक हात छातीखाली एक मागच्या पायांखाली धरल्यासारखा, जिना दोनदा चढून बघितला. दुसऱ्या खेपेला मधे टेकले. मग खालच्या चौकात पायरीशी एक बाकडं ठेवायची परवानगी घेतली.

सासूबाईंनी माळ्यावरून जुनी गोधडी काढली, त्यांच्या नऊवारीची. ती काल ब्रीडरकडे देऊन आलो. पिल्लाची आई आणि भावंडं तिच्यावर झोपताहेत. न धुता तशीच घेऊन येणार आहोत.