नैरोबीत कोण कोण राहिलंय? (अनुभव धागा)

मोगरा_सांगली

काल मंडईत मेथी घेत होते. भाजीवालीचं लक्ष माझ्याकडे नाही, पिशवीकडे. "ताई, ही टोपली कुठनं आणली ओ? प्लास्टिकची न्हाई ना?" म्हटलं नाही, घायपाताच्या दोऱ्याची आहे, आफ्रिकेतली. तिने आत हात घालून वीण चाचपली, उलटी करून बूड बघितलं आणि मेथीचे दहा रुपये कमी केले. का ते विचारू नका.

ही किओंडो. किकुयु आणि कांबा बायका विणतात, हातात दोरा आणि चालता चालता विणकाम. आईने केनियात, नैरोबीला घेतली होती. चामड्याचा एक पट्टा मूळचा, दुसरा तुटला म्हणून कोपऱ्यावरच्या चांभाराने भावाच्या जुन्या दप्तराचा लावून दिलाय. चाळीस वर्षं झाली, वीण एका ठिकाणी उसवलेली नाही.

बाबा कंत्राटावर इंजिनियर होते. आम्ही १९७९ ते ८३ न्गारा भागात राहिलो. चाळीसारखी दगडी घरं, शेजारी सगळे गुजराती नाहीतर सरदारजी. आम्ही सांगलीचे, पण तिथे 'बॉम्बेवाला'. गुजराती येत नाही म्हटल्यावर शेजारच्या बेन आईकडे दयेने बघायच्या.

१ ऑगस्ट १९८२, रविवार. सकाळी रेडिओ लावला तर नेहमीच्या बातम्या नाहीत, हवाई दलातल्या बंडखोरांनी सरकार ताब्यात घेतल्याची घोषणा. बाबा शर्ट चढवून दूध आणायला निघाले होते, तसेच दारात उभे राहिले. बंड त्याच दिवशी मोडलं, पण तोवर गावात भारतीयांची दुकानं फुटली होती. आम्ही पलंगाखाली. आई पलंगाखाली बसून तांदूळ निवडत होती, हे मला अजून दिसतं. आमचा अस्कारी (राखणदार हो) फाटकाला आतून खुर्ची लावून दिवसभर तिथेच बसला. संध्याकाळी आईने त्याला चहा दिला आणि रडली. तो म्हणाला, "पोले, मामा, पोले." (पोले म्हणजे वाईट वाटतं हो.)

लिहा तुमच्या आठवणी. आत्ता तिथे असणाऱ्यांनी तर लिहाच.

आवळासुपारी

पलंगाखाली तांदूळ निवडणं 🙏 आमच्या आईनेही हेच केलं असतं.

वेस्टलँड्सवासी

मी आत्ता इथेच आहे, तिसरं वर्ष. न्गाऱ्यातली दगडी घरं थोडी उरलीत, बाकी दहा-बारा मजली इमारती. तुमचं घर शोधायला गेलात तर रडू येईल, नका जाऊ.

पाकीट जवळजवळ वापरतच नाही. भाजीवाली, बोडाबोडा (मोटरसायकल टॅक्सी), चर्चच्या दारातला भुईमूगवाला, सगळीकडे एम-पेसा (मोबाईलवरून पैसे देणं-घेणं). २००७ ला सुरू झालं, आपल्याकडे यूपीआय येण्याच्या किती आधी बघा. आणि साध्या डबड्या फोनवर चालतं, नेट लागत नाही. पेसा म्हणजे आपला पैसाच.

बाकी नंतर, बॉस आला.

पक्या_डोंबिवली

माझा आत्तेभाऊ पण तिकडेच आहे, लागोसला. तोही म्हणतो लाईट फार जाते.

आवळासुपारी

लागोस नायजेरियात हो पक्याभाऊ. मधे अख्खी आफ्रिका आहे.

पक्या_डोंबिवली

असू दे, लाईट जाते ना पण?

वेस्टलँड्सवासी

जाते 😄

शब्दवेडी

भाषेचं कुणीच कसं लिहिलं नाही अजून! स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ. मामा म्हणजे आई. पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या बाईंनी मला "दादा" हाक मारली, मी मागे वळून बघतेय कोण पुरुष आलाय. भाजीवाली ती 'मामा म्बोगा'. सासूबाईंना फोनवर म्हटलं मामाकडून भाजी आणली, तर म्हणाल्या तुझे मामा तिकडे कधी गेले?

आणि सगळं ओळखीचं. साबण साबुनी, बर्फ बाराफु, रंग रांगी, लाख म्हणजे लाकी. दुकान म्हणजे दुका आणि गाडी म्हणजे गारी. सा सा सा म्हणून कुणी ओरडलं तर ससा पळाला असं समजू नका, 'सासा' म्हणजे आत्ता, किंवा नुसतंच 'काय मग?'.

घड्याळाचा घोळ मात्र खरा आहे. त्यांचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो, म्हणून सातला 'एक वाजला'. गीझरवाला फुंडी (मिस्त्री) म्हणाला, सा ताटू येतो. ताटू म्हणजे तीन, मी आपली दुपारी तीनच्या हिशोबाने निवांत. हा सकाळी नऊला दारात आणि मी डोक्याला शिकेकाई लावून, गार पाण्याची बादली घेऊन.

मोगरा_सांगली

शिकेकाई 😂😂 आई शिकली होती हे घड्याळ. सांगलीला परतल्यावर दूधवाल्याला एकदा "बारा वाजता ये" म्हणाली होती, सकाळी सहाला.

रेल्वेवाले_निवृत्त

मंडळी, या गावाचा जन्मच मुळी रेल्वेच्या पोटातून झाला. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे इंग्रज रूळ टाकत होते. मे १८९९ मध्ये रूळ इथल्या दलदलीपाशी पोचले. पुढे एकदम चढ, रिफ्ट खोऱ्याचा कडा. म्हणून चढापूर्वी सपाट जागा बघून मालधक्का, कारखाना, तंबू. आपल्याकडे घाटाच्या पायथ्याशी कर्जत, तसंच. मसाई लोक त्या ओढ्याला 'एन्कारे नायरोबी' म्हणत, म्हणजे गार पाणी. गाव बसवायचं म्हणून कुणी बसवलंच नाही. १९०५ ला राजधानी मोम्बासाहून इथे आली ती आलीच.

रूळ टाकायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले, बहुतेक पंजाबी. अडीच हजारांच्या आसपास मेले. त्सावोत मजुरांना खाणाऱ्या सिंहांची गोष्ट सगळे सांगतात, पण हिवताप आणि आमांशाने सिंहांपेक्षा कितीतरी जास्त खाल्ले. चलनही आपलाच रुपया, १९२० पर्यंत.

तिथल्या रेल्वे संग्रहालयात एक डबा आहे. १९०० साली किमा स्टेशनात सिंहाला मारायला म्हणून एक साहेब रात्री त्या डब्यात दबा धरून बसला आणि त्याला झोप लागली. सिंह डब्यात शिरला, साहेबाला घेऊन खिडकीतून गेला. मी मुलाकडे गेलो असताना त्या डब्यात बसून आलो. खिडकी खरंच लहान आहे. पस्तीस वर्षं रेल्वेत काढली, रात्रपाळीला कितीदा पेंगलो असेन.

पक्या_डोंबिवली

काका जबरी. आम्हाला ७.४२ च्या लोकलमध्ये सिंह परवडला असता.

पेडण्याचो_पाव

गोंयकारांचं कुणी बोलणार की नाही? बेकरीवाले, शिंपी, कारकून, बँड वाजवणारे, सगळे होते आमचे. डॉ. रोझेंदो रिबेरो नावाचे गोव्याचे डॉक्टर नैरोबीत झेब्र्यावर बसून पेशंट बघायला जात. थाप नाही, फोटो आहे. १९०२ मध्ये बाजारात प्लेग आलाय हे त्यांनीच ओळखलं. सरकारने काय केलं, तर भारतीयांचा अख्खा बाजार जाळून टाकला. झोपड्या, पत्रे, माल, सगळं.

आणि पिओ गामा पिंटो. आईबाप गोव्याचे, हा नैरोबीत जन्मलेला. केनियासाठी इंग्रजांच्या कैदेत राहिला, गोव्याच्या मुक्तीसाठीही धडपडला. स्वातंत्र्य आलं १२ डिसेंबर १९६३ ला आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला ह्याला घराच्या फाटकापाशी गोळ्या घातल्या. मागच्या सीटवर धाकटी मुलगी. माझे आजोबा तेव्हा तिथे क्लार्क होते. त्यांनी हा विषय घरी कधी काढू दिला नाही, आजीने काढला तर ते उठून अंगणात जात. १९६८ मध्ये कामधंद्याच्या परवान्यांच्या भानगडी सुरू झाल्यावर ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होते ते लंडनला गेले, आम्ही पेडण्याला. आजही मामेभाऊ सांगतो, तुमचा पासपोर्ट चुकला.

आवळासुपारी

झेब्रा गूगल केला. खरंच आहे!!

नवीन_आई_ठाणे

नमस्कार, मिस्टरांना नैरोबीची ऑफर आहे, मुलगी चार वर्षांची. सेफ आहे का? प्लीज खरं सांगा. आणि यलो फीव्हरची लस कधी घ्यायची?

वेस्टलँड्सवासी

@नवीन_आई, लस निदान दहा दिवस आधी, पिवळं कार्ड हँडबॅगेत ठेवा, सामानात नको. परत भारतात उतरताना तेच आधी मागतात.

सेफ म्हणाल तर अंधार पडल्यावर चालत नाही, सिग्नलला काचा वर, फोन हातात मिरवत नाही. एवढं पाळलं की अंगवळणी पडतं. जून २०२४ मध्ये करांविरुद्ध पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा मात्र आठवडाभर घरून काम. बाल्कनीतून अश्रुधुराचा वास यायचा. पण तो राग आपल्यावर नव्हता. आमच्या बिल्डिंगचा अस्कारीसुद्धा मोर्चाला जाऊन आला आणि परत येऊन मलाच विचारतो, "बॉस, जेवलात का?"

हवा म्हणाल तर महाबळेश्वर. साधारण १७०० मीटर उंची, पंखा लागत नाही, जुलैत स्वेटर. मुलीला आवडेल. शहराला खेटून अभयारण्य, सिंह-जिराफ आणि मागे उंच इमारती. विमानतळाच्या रस्त्यावर झाडांवर माराबू करकोचे बसतात, टकले, म्हाताऱ्या वकिलासारखे. त्यांच्याखाली गाडी लावू नका. बस.

शब्दवेडी

आणि कुकर! उंचीमुळे पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही. तूरडाळीला दोन शिट्ट्या जास्त. हे कुणी सांगत नाही, पहिला महिना आम्ही कच्ची आमटी खाल्ली.

नवीन_आई_ठाणे

खूप खूप धन्यवाद 🙏 शिट्ट्या लिहून ठेवल्या. तूरडाळ मिळते?

शब्दवेडी

सगळं मिळतं. पार्कलँड्समध्ये गुजराती दुकानं. पोहे जाडे मिळतात, पातळ घेऊन जा. गोडा मसाला घेऊन जा. पुरणाचं यंत्र मी नेलं नव्हतं, तीन होळ्या चाळणीवर घासल्या. आणि तिथल्या चपात्या म्हणजे आपल्या पोळ्या नाहीत, मैद्याच्या, तेल लावून पदर सुटलेल्या. ऑफिसात डब्यातली माझी पोळी बघून सगळे म्हणायचे, आजारी आहेस का?

रेल्वेवाले_निवृत्त

पुरणयंत्राला पितळी जाळी घ्यावी.

आवळासुपारी

पितळी आता मिळते कुठे काका, सगळं स्टील. तुळशीबागेत बघितली मागच्या महिन्यात.

पेडण्याचो_पाव

सुकुमा विकीचं राहिलं. आपल्या माठासारखी पालेभाजी, कांदा-टोमॅटोवर परतायची, उगालीबरोबर (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा). नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. पगार संपल्यावर शेवटच्या आठवड्यातली भाजी. आजी पेडण्यात तांबडी भाजी करायची आणि म्हणायची, आज सुकुमा.

मोगरा_सांगली

अय्या, आईपण म्हणायची!! महिनाअखेरीला कुठलीही पालेभाजी आमच्याकडे सुकुमाच. बाबा गेले त्या महिन्यातही म्हणाली होती.

असो. किओंडोचा फोटो टाकतेय, दप्तराचा पट्टा नीट बघा, त्यावर भावाचं नाव आहे पेनने.

वेस्टलँड्सवासी

फोटो दिसत नाहीये.

शब्दवेडी

+१

पक्या_डोंबिवली

मला पण नाही. लाईट गेली असेल.