उन्हाळ्यात घरशाळा पूर्ण बंद ठेवावी का?

धागालेखिका:
आम्ही शेतावर राहतो, दोन्ही मुलं घरीच शिकतात. गेल्या उन्हाळ्यात पुस्तकं मिटून ठेवली. कामाचा रेटा होता, आणि कामातून मुलं शिकतीलच असं वाटलं. शिकलीही. कोंबडी अंड्यांवर बसली की धाकटी आता स्वतःच २१ दिवस मोजते. पण थोरल्याला वेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागली. "मला येत होतं ना हे?" म्हणून तो रडला, ते माझ्या मनातून जात नाही. यंदा ठरवलंय, सकाळचं चारापाणी उरकून हातपाय धुतले की लगेच अर्धा तास गणित आणि वाचन. बस. चुकतंय का माझं?

प्रतिसाद १:
मला तरी चुकतंय असं वाटतं. वेळापत्रकाच्या जाचातून सुटायला मुलं घरी शिकवायची आणि तोच जाच घरात आणायचा? थोरल्याच्या हाती पर्जन्यमापक द्या. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. गोठ्याच्या छपराचं क्षेत्रफळ काढून टाकीत किती पाणी यायला हवं होतं, किती आलं, बाकीचं कुठे गेलं, हे त्याला शोधू दे. असं गणित तो विसरणार नाही.

प्रतिसाद २:
पण उन्हाळ्यात सरी येणार किती? शेत शिकवतं ते शेताला लागेल तेवढंच, वेगळ्या छेदांची वजाबाकी गोठ्यात कोणी विचारत नाही. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यास एकत्र तपासले. सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे पडलेली दिसली, वाचनापेक्षा गणितात जास्त.
आणि एक मनापासून सांगते. मी शेतावरच वाढले. दिवसभर राबवून "यातूनच शिकतात" म्हणणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत. तो अर्धा तास मुलांचा हक्क आहे, कामाच्या दिवसांत तर जास्तच.

प्रतिसाद १:
राबवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, तिथे आपलं एकमत. पण ते आकडे शाळेत जाणाऱ्या मुलांचे, आणि नंतरच्या काही अभ्यासांत घसरण इतकी ठळक दिसलेली नाही. अर्धा तास ठेवायचाच तर आत काय करायचं ते मुलांना ठरवू द्या.

प्रतिसाद ३:
फक्त बक्षिसांचा तक्ता लावू नका. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात, ज्या लहान मुलांना चित्र काढल्यावर प्रमाणपत्र देऊ असं आधीच सांगितलं होतं, ती नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली.

धागालेखिका:
तक्ता नाही लावणार. अर्धा तास मात्र ठेवतेय, कारण थोरल्याचं रडणं मी पाहिलंय. सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर पाहिलं होतं: कोणाला १८ दिवस, कोणाला २५४ इतके अंदाजे, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून कापणीच्या दिवशी सुट्टी, आणि ती भरून काढायची नाही. छपराचा हिशेब थोरल्याला सांगितला, तर तो मोजपट्टी घेऊन आत्ताच बाहेर गेलाय.