प्रति: साताऱ्याचे डोंगर माथ्यावर सपाट का?
'अजिंक्यतारा, सज्जनगड वरून कापल्यासारखे कसे?' या प्रश्नाच्या उत्तरात थोडी भर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर मुळातच आडवे पसरलेत. कठीण काळा पाषाण टिकतो, त्याखालचा पोकळ्यांचा मऊ खडक आधी झिजतो. मग वरचा कडा अधांतरी राहून उभ्या भेगांवरून तुटतो. म्हणून कडा, उतार, पुन्हा कडा. कास पठाराची गोष्ट वेगळी. तिथे पावसाने खडकातली सिलिका (वाळूत असते ते द्रव्य) धुऊन नेली, लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, तोच जांभा दगड. त्यावर माती अगदी पातळ, त्यामुळे मोठी झाडं धरत नाहीत.

आणि घाटरस्त्याच्या कापात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड दिसले, तर ते नदीचे गोटे समजू नका. भेगांतून पाणी मुरून कोपरे आधी कुजतात, दगड जागच्या जागीच गोल होतो.